गाडीचा एसी मध्येच थंड करायचा थांबतो? गॅस भरण्याआधी हे बघा

मे महिन्याच्या सुट्टीत अम्मीच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्ही चिपळूणहून पुण्याला निघालो होतो. कुंभार्ली घाट चढून कराडपर्यंत गाडी छान थंड होती. अम्मीला थंडी वाजते म्हणून ब्लोअर एकवरच ठेवला होता. साताऱ्याच्या आसपास हवा हळूहळू कमी व्हायला लागली. ब्लोअर चारवर केला. आवाज मोठा झाला, पण जाळीतून येणारी हवा एवढीशीच. पाठीमागून अम्मी म्हणाली, "काच खाली कर रे, जीव घाबरतोय." शेवटी एका हॉटेलवर चहाला थांबलो. वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी सुरू केली तर एसी परत पहिल्यासारखा थंडगार, जणू काही झालंच नव्हतं.

परत आल्यावर गॅरेजला गेलो. "गॅस कमी झालाय सर." 1,800 रुपये दिले, गॅस भरला. पावसाळ्यात परत तोच प्रकार. दुसरं गॅरेज, तेच उत्तर, परत गॅस. तिसऱ्यांदा एका ओळखीच्या माणसाने मला एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे पाठवलं, ज्यांनी आयुष्याची बरीच वर्षं आखाती देशात गाड्यांच्या एसीचंच काम केलं होतं. चाचांनी बोनेट उघडायच्या आधी एकच सवाल विचारला, "सर, हवा कमी होते की हवा गरम होते?"

मी विज्ञान शिकवतो. तरी हा साधा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता, आणि आधीच्या दोन गॅरेजवाल्यांनीही विचारला नव्हता. माझी हवा कमी होत होती. म्हणजे गॅसचा मामलाच नव्हता.

एसी पूर्ण बंद पडला तर मेकॅनिकला काम सोपं असतं. पण जो कधी चालतो, कधी नाही, तो गॅरेजच्या दारात नेमका चालू असतो. मग अंदाजाने गॅस भरला जातो आणि पैसे जातात. म्हणून गाडी गॅरेजला नेण्याआधी घरच्या घरी काय बघायचं, ते इथे सविस्तर लिहितोय.

गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू. एसीचा गॅस वापरला जात नाही, संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून गोल फिरत राहतो. "दरवर्षी उन्हाळ्याच्या आधी गॅस भरायचाच असतो" हे खरं नाही. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने परत जाणार. रबरी नळ्यांतून आणि जोडांतून अगदी थोडा गॅस वर्षानुवर्षं झिरपतो हे खरं, पण त्यामुळे दर सहा महिन्यांनी भरायची वेळ येत नाही.

इंजेक्शन देताना डॉक्टर स्पिरिटचा बोळा दंडावर फिरवतात तेव्हा गार लागतं. स्पिरिट उडून जाताना अंगाची उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणीही याच कारणाने थंड होतं. गाडीच्या एसीत हेच काम आर-134ए नावाचा गॅस करतो (अलीकडच्या काही गाड्यांत आर-1234वायएफ असतो). आर-134ए उघड्यावर उणे 26 अंशालाच उकळतो. डॅशबोर्डच्या आत जी कूलिंग कॉइल असते तिच्यात हा द्रव उकळून वायू होतो आणि गाडीतली उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर तो वायू दाबून गरम करतो. पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर ती उष्णता बाहेर टाकून त्याचा परत द्रव करतो. वाटेत ड्रायर ओल शोषून घेतो, आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून द्रव परत कॉइलमध्ये जातो. ब्लोअरचा पंखा या कॉइलवरून हवा ढकलतो.

म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवा आणतो तो ब्लोअर. हवा थंड करतो तो गॅसचा फेरा. चाचांच्या सवालाचा अर्थ एवढाच होता, की यातलं कोण थांबतंय?

हवाच कमी होत जाते

सुरुवातीला मस्त थंड. अर्धा-पाऊण तास, एक तास चालल्यावर हवेचा झोत बारीक होत जातो, ब्लोअरचा आवाज मात्र तेवढाच किंवा जास्त. एसी बंद करून थोडा वेळ थांबलं की सगळं ठीक. हे लक्षण असेल तर जवळजवळ नक्की कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. फ्रीजरमध्ये जसा बर्फाचा थर जमतो तसाच. कॉइलच्या पत्र्यांमधली फट बर्फाने भरली की हवा जाणार कुठून?

खात्री करायची पद्धत सोपी आहे. झोत कमी झाला की एसीचं बटण बंद करा, पण ब्लोअर चारवर चालू ठेवा. पाच-दहा मिनिटांत झोत परत वाढला, आणि गाडी थांबवल्यावर खालून नेहमीपेक्षा जास्त पाणी गळताना दिसलं, तर तो वितळलेला बर्फ. यासाठी एक रुपयाही लागत नाही. प्रवासात असाल तर तात्पुरता इलाजही हाच: दर पाऊण तासाने पाच मिनिटं बटण बंद, ब्लोअर चालू.

बर्फ का धरतो? कॉइलला एक छोटा सेन्सर चिकटवलेला असतो. जुन्या गाड्यांत त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. कॉइल शून्य अंशाच्या जवळ आली की हा सेन्सर कॉम्प्रेसर थांबवायला सांगतो, थोडी गरम झाली की परत चालू. सेन्सर बिघडला किंवा जागेवरून सरकला, तर कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि कॉइलवरचं पाणी गोठत जातं. माझ्या गाडीत नेमकं हेच निघालं. पूर्वी कुणीतरी कॉइल साफ करताना सेन्सर परत नीट खोचला नव्हता, तो लोंबत होता.

दुसरं कारण त्याहून साधं: केबिन फिल्टर. तो बहुतेक गाड्यांत पुढच्या सीटसमोरच्या कप्प्यामागे असतो आणि कप्पा काढला की हाताने निघतो. माझा निघाला तेव्हा त्यात धूळ, सुकलेली पानं आणि एका पाखराची पिसं होती. फिल्टर तुंबला की कॉइलवरून पुरेशी गरम हवा जात नाही आणि ती जास्तच थंड होते. मी आठ वर्षांत तो एकदाही बदलला नव्हता, कारण गाडीत असा फिल्टर असतो हेच ठाऊक नव्हतं! काही स्वस्त मॉडेलमध्ये कंपनी फिल्टर बसवतच नाही, फक्त जागा असते. तिथे सगळी धूळ थेट कॉइलवर बसते, मग कॉइल धुवावी लागते.

तिसरं कारण आपल्या सवयीचं. ब्लोअर एकवर, थंडीची कळ पूर्ण निळ्याकडे, बाहेर पाऊस. कोकणासारख्या दमट हवेत कॉइलवर पाणी आधीच जास्त जमतं. त्यात हवेचा झोत मंद. गारठा वाटत असेल तर ब्लोअर दोनवर ठेवून कळ थोडी गरमकडे सरकवा, ते बरं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. गॅस थोडा कमी असला तरीही बर्फ धरू शकतो. आर-134ए चा कमी बाजूचा दाब 28 पीएसआयच्या खाली गेला की तो शून्य अंशापेक्षा कमी तापमानाला उकळायला लागतो, आणि गॅस कमी झाला की हा दाब पडतो. त्यामुळे बर्फ दिसला म्हणजे गॅस अगदी बरोबर आहे असंही नाही. पण आधी फिल्टर आणि सेन्सर बघा. तिथे खर्च कमी आहे.

हवा भरपूर, पण गरम

इथे बघायचं ते कॉम्प्रेसरकडे. घरातल्या एकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, एसी पूर्ण. तुम्ही बोनेट उघडून बाजूला उभे राहा. दुपट्टा, ओढणी, सैल बाही, गळ्यातला रुमाल बेल्टजवळ नको. फिरणाऱ्या बेल्टमध्ये कापड अडकलं तर हात वाचत नाही. मुलांना तर लांबच ठेवा.

कॉम्प्रेसरच्या तोंडाशी एक पुली असते, ती बेल्टने कायम फिरते. तिच्यासमोर एक गोल चकती असते. एसी लावला की 'टक्' असा आवाज येतो, आतलं चुंबक चकतीला खेचून धरतं आणि चकतीही पुलीबरोबर फिरते. यालाच गॅरेजमध्ये मॅग्नेट क्लच म्हणतात. हवा गरम यायला लागली त्या क्षणी चकती फिरतेय की स्थिर आहे, एवढं बघून ठेवा. (बऱ्याच नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लच नसतो, तिथे नुसतं बघून कळत नाही. ती गाडी स्कॅनर असलेल्या गॅरेजलाच दाखवावी.)

चकती फिरत असूनही हवा गरम, तर गॅसच्या फेऱ्यात किंवा डॅशबोर्डच्या आतल्या झडपेत दोष. चकती थांबली असेल तर कॉम्प्रेसरला कुणीतरी थांबवतंय किंवा त्याला वीज मिळत नाही. कुणी थांबवलं, हे ओळखायला ते कधी होतं ते आठवावं लागतं.

सिग्नलला गरम, हायवेला थंड

बाजारपेठेत, टोलच्या रांगेत, सिग्नलला हवा गरम होते आणि गाडी पळायला लागली की थंड. असं असेल तर कंडेन्सरला हवा मिळत नाही. पळत्या गाडीत समोरून वारा लागतो, उभ्या गाडीत ते काम रेडिएटरजवळच्या पंख्याचं. एसी लावल्यावर तो पंखा फिरला पाहिजे. पंखा बंद असेल, हळू फिरत असेल किंवा कंडेन्सर चिखलाने आणि किड्यांनी बुजला असेल, तर आतला दाब वाढत जातो. तो 30 बारच्या आसपास गेला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. हा बिघाड नाही, नळी फुटू नये म्हणून केलेली सोय आहे. दाब उतरला की परत चालू.

चाचांनी दाखवलेली एक चाचणी: गाडी उभी ठेवून हवा गरम येऊ द्यायची आणि मग समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर दोन बाटल्या साधं पाणी हळूहळू ओतायचं. एक-दोन मिनिटांत आत थंड व्हायला लागलं तर दोष पंख्याचा किंवा कंडेन्सरच्या सफाईचा. पाणी ओतताना हात जाळीच्या बाहेरच ठेवा, कारण पंखा कधीही अचानक सुरू होतो.

कंडेन्सर धुताना वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारू देऊ नका. त्याच्या पातळ पत्र्या वाकतात आणि होती ती हवाही बंद होते. नळाचं साधं पाणी पुरे. मराठवाडा-विदर्भात, जिथे उन्हाळ्यात पारा 42-45 ला जातो, तिथे ही तक्रार जास्त. तिकडे दर उन्हाळ्याच्या आधी कंडेन्सर धुणं हा गॅस भरण्यापेक्षा कितीतरी चांगला रिवाज आहे.

एवढ्यात इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडेही नजर टाका. इंजिन जास्त तापलं तर गाडीचा कॉम्प्युटर स्वतःहून एसी बंद करतो. काटा वर असेल तर एसीचा विचार सोडा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

घाटात पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर काही सेकंद एसी सुटणं हे मात्र नॉर्मल आहे. लहान इंजिनाला चढावर ताकद मिळावी म्हणून कंपनीनेच तशी व्यवस्था केलेली असते. सीएनजीवर चालणाऱ्या लहान गाड्यांत हे जास्त जाणवतं. कुंभार्ली चढताना काही सेकंद गार कमी वाटलं म्हणून गॅरेज गाठू नका.

तासाभराने बंद, थंड झाल्यावर चालू

हे वरवर बर्फाच्या दोषासारखंच दिसतं आणि इथेच लोक फसतात. फरक तोच: इथे झोत भरपूर असतो, हवा गरम असते, आणि चकती थांबलेली असते.

क्लचची चकती आणि पुली यांच्यात अगदी थोडी फट असते, बहुतेक गाड्यांत साधारण 0.3 ते 0.6 मिलिमीटर. वर्षानुवर्षं घासून ही फट वाढते. इंजिन थंड असताना चुंबक तेवढी फट ओलांडून चकतीला खेचतं. पण गरम झालेल्या तारेचा विद्युतरोध वाढतो (हे आपण दहावीत शिकलोय), विद्युतधारा कमी होते, चुंबक दुबळं पडतं आणि चकती सुटते. अर्ध्या तासाने सगळं थंड झालं की परत पकडते. बिचाऱ्या मालकाला वाटतं गॅस 'अडकतोय'.

चकती सुटलेली असताना मेकॅनिकने क्लचच्या वायरवर मल्टिमीटर लावला आणि तिथे 12 व्होल्टच्या आसपास वीज येतेय असं दिसलं, तर दोष क्लचमध्येच. बऱ्याचदा चकतीमागची एक पातळ वॉशर काढून फट कमी करता येते, नवा कॉम्प्रेसर लागत नाही. "कॉम्प्रेसर गेला" असं सांगून मोठा खर्च काढण्याआधी फट मोजली का, हे विचारायचा तुमचा हक्क आहे. चालू इंजिनात चकतीला काठीने ढकलून बघणारे लोकही असतात. ते करू नका.

वायरवर वीजच येत नसेल तर रिले, फ्यूज, प्रेशर स्विच किंवा तार. खड्ड्यातून गेल्यावर एसी बंद आणि पुढच्या खड्ड्यात परत चालू, असं असेल तर कुठेतरी सैल जोड आहे. रिलेची चाचणी घरी होते. बोनेटखालच्या फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. गाडी बंद करून एसीचा रिले आणि त्याच नंबरचा दुसरा रिले (पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा तोच असतो) यांची अदलाबदल करा. एसी सुरळीत झाला आणि हॉर्न रुसला, तर नवा रिले घ्या. किरकोळ खर्चाचं काम आहे.

हवा एका जाळीतून थंड आणि दुसऱ्यातून गरम येत असेल, किंवा डॅशबोर्डमधून टक-टक-टक आवाज येत असेल, तर गरम-थंड हवेची झडप फिरवणारी मोटर बघायला सांगा.

गॅस भरल्यानंतरच सुरू झालेली तकलीफ

आधी जे नव्हतं ते गॅस भरल्यानंतर सुरू झालं, असंही होतं. याची दोन कारणं नेहमीची.

एक, ओल. नळ्या उघडल्या की बाहेरची दमट हवा आत जाते. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंपाने ती ओढून काढावी लागते, आणि त्याला कमीत कमी अर्धा तास द्यावा लागतो. घाईत पाच मिनिटं पंप लावला तर ओल आत राहते. ते पाणी एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकाशी गोठतं, गॅसची वाट बंद होते, हवा गरम. थोडा वेळ बंद ठेवलं की वितळतं, परत थंड, परत गोठतं. इथे झोत कमी होत नाही, कारण बर्फ नळीच्या आत आहे, कॉइलच्या बाहेर नाही. इलाज म्हणजे गॅस काढणं, ड्रायर बदलणं, नीट व्हॅक्यूम आणि परत गॅस.

दोन, जास्त गॅस. "थोडा एक्स्ट्रा टाकतो सर, मस्त गार होईल." होत नाही. जास्त गॅसने दाब वाढतो आणि सिग्नलला कॉम्प्रेसर सुटायला लागतो. किती गॅस लागतो ते बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, लहान गाड्यांत साधारण 400 ग्रॅमच्या आसपास. आपल्या गाडीचा आकडा वाचून ठेवा.

पण गेज लावून दाब बघितला की गॅस किती आहे ते कळतं ना? एसी बंद असताना नाही कळत. 30 अंश तापमानाला उभ्या गाडीत आर-134ए चा दाब साधारण 97 पीएसआय दाखवतो, आत 150 ग्रॅम असो की 400. घरातल्या सिलिंडरसारखं आहे: शेवटच्या दिवसापर्यंत शेगडीची ज्योत तशीच असते, पण म्हणून सिलिंडर भरलेला नसतो. सिलिंडर किती उरलाय हे उचलून, म्हणजे वजनावरून कळतं. गाडीचंही तसंच. जुना गॅस मशीनने काढून घ्यायचा, तो किती निघाला ते बघायचं, व्हॅक्यूम करायचा आणि स्टिकरवरच्या वजनाइतका भरायचा. असं मशीन असलेलं गॅरेज थोडे पैसे जास्त घेतं, पण अंदाजपंचे काम होत नाही.

गॅस खरंच कमी असेल तेव्हा

कॉम्प्रेसर काही सेकंद चालतो, काही सेकंद थांबतो, परत टक्, परत थांबतो आणि हवा कोमटच राहते, हे गॅस कमी असल्याचं लक्षण आहे. दाब फारच पडला की स्विच कॉम्प्रेसरला थांबवतो, कारण गॅसबरोबरच कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं आणि गॅस नसेल तर तो कोरडा घासतो. (गाडी आतून गार झाल्यावर कॉम्प्रेसर थांबून-थांबून चालणं वेगळं. तेव्हा हवा थंडच असते.)

बोनेटमध्ये एसीची जाड नळी दिसते, ती कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येते. एसी पाच-सात मिनिटं चालवून इंजिन बंद करा आणि तिला हात लावा. ती थंड आणि घामेजलेली हवी. कॉम्प्रेसरपासून कंडेन्सरकडे जाणारी नळी मात्र चटका देते, तिला हात नको. जाड नळी कोमट असेल तर गळतीचा संशय घ्या. जोडांपाशी तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ म्हणजे गॅस तिथूनच जातोय. मेकॅनिकने नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावून बघावं, किंवा रंग टाकून निळ्या दिव्याखाली. गळती सापडल्याशिवाय गॅस भरू देऊ नका.

सिलिंडरही बघा. बाजारात स्वस्तातला नकली गॅस येतो, काहींत स्वयंपाकाच्या गॅससारखा पेटणारा वायू मिसळलेला असतो. 2011 साली जहाजांवरच्या शीत-कंटेनरांत आर-134ए च्या नावाखाली भलताच गॅस भरला गेला, त्याची आतल्या ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन स्फोट झाले आणि कामगार दगावले. ऑनलाइन मिळणारे छोटे कॅन आणून घरी गॅस भरायचा उद्योग तर नकोच. उणे 26 अंशाला उकळणारा द्रव डोळ्यात उडाला तर बुबुळ जळतं.

गॅरेजला जाताना कागद घेऊन जा

मी हल्ली वर्गातल्या प्रयोगवहीसारखी एक चिठ्ठी गाडीत ठेवतो. एसी बिघडला की लिहायचं: किती मिनिटांनी, गाडी पळत होती की उभी, बाहेर ऊन की पाऊस, ब्लोअर कितीवर, झोत कमी झाला की हवा गरम झाली, इंजिनचा काटा कुठे होता, किती वेळाने परत चालू झालं. चकती बघितली असेल तर तेही. लिहायचं काम बाजूला बसणाऱ्याचं, ड्रायव्हरचं नाही. मोबाईलवर व्हिडिओ काढला तर आणखी चांगलं. आणि जमलं तर मेकॅनिकला सोबत घेऊन दोष दिसेपर्यंत गाडी फिरवा. चाचा माझ्याबरोबर पाऊण तास गुहागर रोडने फिरले, झोत कमी होईपर्यंत. मग सेन्सर जागेवर बसवला, फिल्टर नवा टाकला. बिल 650 रुपये, त्यातला बराचसा भाग फिल्टरचा. आधीच्या दोन गॅसचे पैसे मी कुणाकडे मागणार?

प्रवासात एसी गेला आणि सोबत म्हातारी माणसं किंवा तान्हं मूल असेल, तर तो परत चालू होईल या आशेवर काचा लावून बसू नका. काचा उघडा, सावलीत थांबा, पाणी पाजा. "दोन मिनिटांत येतो" म्हणून मुलांना बंद गाडीत सोडून जाऊ नका. उन्हात उभी गाडी काही मिनिटांतच आतून भट्टी होते.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी शेवटचं. विकणारा पाच मिनिटं एसी लावून दाखवतो आणि आपण खूश होतो. पाच मिनिटांत वरचा जवळजवळ कुठलाच दोष दिसत नाही. दुपारच्या उन्हात निदान पाऊण तास गाडी चालवा, त्यात दहा मिनिटं एका जागी उभी ठेवा, खड्ड्याच्या रस्त्याने न्या. पुढच्या सीटखालचा गालिचा हाताने दाबून बघा. ओला लागला तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय. ती तारेने मोकळी होते, पण किंमत ठरवण्याआधी कळलेलं बरं.